मामा, डोंगर कुठेय?

पुण्याचा भाचा एप्रिलमध्ये इंदूरला आला होता, म्हणाला विंध्याचल दाखव. सकाळी सहालाच निघालो, महू गेलं, पातालपाणीचा धबधबा आला तरी रस्ता सपाटच, मग त्याने विचारलं, मामा, डोंगर कुठेय? मी त्याला रेलिंगपाशी नेलं आणि खाली बघ म्हटलं. जवळजवळ 300 फूट सरळ कडा. आपल्या इथे विंध्य चढावा लागत नाही, आपण राहतो तोच त्याचा माथा. माळव्याचं पठार दक्षिणेला जिथे एकदम तुटतं ती कड म्हणजे विंध्य, आणि खाली निमाड, नर्मदेचं खोरं.

सगळं इंदूर इथे पावसाळ्यात येतं, धबधब्यासमोर सेल्फी काढतं आणि भुट्टा खाऊन परततं. मला विचाराल तर एप्रिलमध्येच या. पाणी आटलेलं असतं त्यामुळे कड्याचे थर उघडे दिसतात, काळा बेसॉल्ट म्हणजे लाव्हा थिजून झालेला दगड, वर परत बेसॉल्ट, कुठे कुठे मधे विटकरी लाल पट्टा. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकावर एक पसरत गेले, दोन लोटांच्या मधे बराच काळ गेला की खालच्या दगडाची माती व्हायची, मग वरून नवा लाव्हा आला की ती भाजून लाल व्हायची. सह्याद्रीसुद्धा ह्याच लाव्हाचा! भाच्याने एक दगड उचलला, त्यात वाटाण्याएवढी भोकं, काहींत पांढरे दाणे. गॅसचे बुडबुडे अडकून राहिलेली जागा ती, दाणे नंतर पाण्यातून जमले. तो म्हणे सिंहगडावर अगदी असेच दगड असतात. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आमचे पूर्वज होळकरांबरोबर इकडे आले पण पायाखालचा दगड काही बदलला नाही.

भोपाळजवळच्या भीमबेटकाचा विंध्य मात्र वेगळा हां, तिथला वालुकाश्म याच्याहून कितीतरी जुना. आणि इकडे धार जिल्ह्यात, नर्मदेच्या खोऱ्यात, लाव्हाच्या आधीच्या थरांत डायनासोरची 92 घरटी आणि 256 अंडी सापडल्याचं 2023 मध्ये प्रसिद्ध झालं, म्हणजे आपल्या शेजारीच की!

पाण्याचंही बघा, महूजवळच्याच जानापावच्या टेकडीवर उगम पावणारी चंबळ उत्तरेला यमुनेकडे जाते आणि पातालपाणीला कोसळणारी चोरल दक्षिणेला नर्मदेत. जेमतेम काही किलोमीटरचा फरक.

जंगल म्हणाल तर साग पूर्ण निष्पर्ण होता, मोहाची फुलं खाली पडलेली, त्यांचा तो गोड उग्र वास. बिबटे आहेत या भागात, आम्हाला दिसला नाही. पण एका जुन्या झाडावर राखी धनेश पक्षी दिसला, नर. खोडाला एक उभी फट होती, आत ढोलीत मादीने अंडी उबवायला स्वतःला लिंपून कोंडून घेतलेलं, फक्त चोचीची टोकं ये-जा करतील एवढीच जागा. तो गळ्यातून एकेक फळ वर काढायचा आणि फटीत द्यायचा, एक, मग दुसरं, मग तिसरं. डब्यातले पोहे गार झाले तरी भाचा तिथून हलेना.