आधी बाक, मग बिअर

नावात ऑक्टोबर आहे म्हणून बेधडक ऑक्टोबरच्या मध्यावरची तिकिटं काढणाऱ्यांना म्युनिकमध्ये फक्त उतरवलेले मांडव दिसतात. ऑक्टोबरफेस्ट, जर्मनीतल्या या शहराचा बिअर-महोत्सव, सुरू होतो 15 सप्टेंबरनंतरच्या शनिवारी आणि आवरतो ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. तो रविवार 1 किंवा 2 तारखेला आलाच, तर 3 तारखेच्या राष्ट्रीय सुट्टीपर्यंत लांबतो. 2026 मध्ये 19 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर, म्हणजे पहिला आठवडा गणपतीत आणि दुसरा पितृपक्षात. घरी काय सांगायचं ते ज्याचं त्यानं बघावं. मुळात 1810 च्या ऑक्टोबरात बव्हेरियाच्या युवराज लुडविगचं लग्न झालं, त्या निमित्तानं घोड्यांची शर्यत झाली, तिथून हे सुरू. पुढे बरी हवा मिळावी म्हणून जत्रा अलीकडे ओढली, नाव मात्र तेच राहिलं. मैदानाला नवरीचं, म्हणजे थेरेझेचं, नाव आहे, थेरेझिएनवीज. गावातले लोक नुसतं 'वीझन' म्हणतात.

मैदानात शिरायला तिकीट नाही, मोठ्या मंडपांतही नाही. बिअरही मुबलक. टंचाई आहे ती बुडाखालच्या जागेची, कारण मंडपात बिअर मिळते सहसा बसलेल्यालाच. उभ्यानं हात वर करून काही होत नाही. प्रमाण मापाचा बाक 220 सेंटिमीटर लांब आणि 25 रुंद. त्यावर पाच जण, म्हणजे माणशी 44 सेंटिमीटर. सगळं नियोजन या 44 सेंटिमीटरसाठी.

आरक्षण त्या त्या मंडपचालकाकडेच करायचं आणि तेही अख्ख्या टेबलाचं, आठ-दहा जणांचं. वेगळं भाडं नसतं, पण जेवणाची-बिअरची कुपनं आगाऊ घ्यावी लागतात, साधारण माणशी बिअरचे दोन मग आणि अर्धी कोंबडी. तिऱ्हाइताकडून चढ्या भावानं टेबल घेऊ नये. मंडपवाला ते मानेलच असं नाही. चौघंच असाल तर आरक्षणाच्या भानगडीत पडूच नका. प्रत्येक मोठ्या मंडपात काही भाग मोकळा ठेवायचा नियम आहे. सोमवार ते गुरुवार सकाळी दहा-अकराला गेलात तर बाक मिळतो. राखीव टेबलावर वेळेची चिठ्ठी असते. संध्याकाळची असेल तर तोपर्यंत विचारून बसता येतं. यष्टीच्या खिडकीतून रुमाल टाकायची आपली विद्या मात्र इथं कुचकामी. माणूस नाही तर जागा नाही.

पहिल्या शनिवारी लोक सकाळी नऊपासून कोरडेच बसतात. दुपारी बाराला शोटेनहामेल मंडपात महापौर लाकडी पिंपाला तोटी ठोकून 'ओ-त्साप्फ्ट इस', म्हणजे 'तोटी लागली', म्हणतात, तोवर कुणालाच थेंब नाही. पहिल्या खेपेला हा दिवस टाळावा.

बिअर म्युनिकच्याच सहा ब्रुअऱ्यांची. माप एकच, एक लिटरचा 'मास': आपल्याकडच्या 650 मिलीच्या बाटलीच्या दीडपट, आणि अल्कोहोल सहा टक्क्यांच्या आसपास. 2025 मध्ये एकाला 14.50 ते 15.80 युरो पडत होते. काचेचा मग रिकामाच सव्वा किलोच्या वर, म्हणून कानात चार बोटं घालून उचलायचा. फसगत दुसऱ्या मासला होते. पहिला थंडगार, उपाशीपोटी आणि बँडच्या नादात भरकन उतरतो, नि दुसऱ्याच्या मध्यावर अंदाज चुकल्याचं कळतं. आधी ताटभर आकाराचा ब्रेत्सेल, म्हणजे वेटोळ्याचा खारा पाव, घ्या. अंडं चालणाऱ्या शाकाहाऱ्यांनी केझश्पेत्सले मागावं. चीजमध्ये घोळलेल्या छोट्या शेवया, वर तळलेला कांदा. पोटाला आधार होतो. बाकावर उभं राहून गायला हरकत नाही, टेबलावर चढलात तर बाहेर काढतात.

पाठपिशवी घेऊन जाऊ नका. 20 × 15 × 10 सेंटिमीटर आणि तीन लिटर, याहून मोठी पिशवी आत सोडत नाहीत. जर्मनीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. तो आणि हॉटेल दोन्ही लवकर उरका. म्युनिकचे दर या पंधरवड्यात डोळे पांढरे करतात, तेव्हा रेल्वेनं तासाच्या आत असलेलं आउग्सबुर्ग बघावं, फक्त रात्रीच्या परतीच्या गाड्या आधी पाहून.

बाहेर पडताना मग पिशवीत घालू नका. तो ब्रुअरीचा, आणि दारावरचे रक्षक तो बिनदिक्कत काढून घेतात. बहुतेक मंडपांत शेवटची बिअर रात्री साडेदहाला. त्यानंतर थेरेझिएनवीज स्टेशनवर इतकी झुंबड उडते की कधी कधी जिनाच बंद करतात. सरळ गोएथेप्लाट्झ किंवा हाकरब्र्युके स्टेशनकडे चालू लागावं. बाक सोडल्यावर पाय तेवढे मोकळे होतात.