मुलीच्या पहिल्या व्हॉलीबॉल स्पर्धेची तयारी: माझा अनुभव

माझी मुलगी बारा वर्षांची आहे. तिच्या प्रशिक्षकांनी पहिल्या स्पर्धेची तारीख सांगितली, तेव्हा आमच्या हातात तीन आठवडे होते. मी स्वतः कधी व्हॉलीबॉल खेळलेले नाही, त्यामुळे साहित्याची खरेदी करण्याआधी मी नियम वाचायला बसले आणि तो निर्णय योग्य ठरला. नियम वाचताना लक्षात आले की घरात माझे वडील तिला जे शिकवत होते, ते त्यांच्या तरुणपणीच्या खेळाचे होते. त्या काळी ज्या संघाकडे सर्व्हिस, म्हणजे चेंडू मारून खेळ सुरू करण्याची पाळी, असेल त्यालाच गुण मिळत असे. सर्व्हिस चुकली तर हातची सर्व्हिस जाई, गुण जात नसे. म्हणून ते तिला निर्धास्तपणे जोरात मारायला सांगत. आता प्रत्येक रॅलीला, म्हणजे सर्व्हिसपासून चेंडू पडेपर्यंत किंवा चूक होईपर्यंतच्या खेळाला, कोणाला तरी गुण मिळतोच, सेट २५ गुणांचा असतो, दोन गुणांची आघाडी लागते, आणि चुकलेली सर्व्हिस म्हणजे समोरच्या संघाला थेट एक गुण. मुलगी सर्व्हिसला इतकी का घाबरते, हे मला तेव्हा कळले.

साहित्यात सर्वांत जास्त वेळ गुडघ्यांच्या पॅडनी घेतला. दुकानात उभे राहून घालून पाहिले तेव्हा ते नीट बसले होते, पण सरावात ती पास घेण्यासाठी वाकली की ते हळूहळू घसरून पोटरीवर येत आणि ती प्रत्येक रॅलीनंतर ते वर ओढत राही. मग मी गुडघ्याच्या वर मांडीचा घेर मोजला, एक माप लहान पॅड आणले, आणि घरातच तिला वीस वेळा खोल वाकायला, गुडघे टेकून पुन्हा उठायला लावले. पॅड जागचे हलले नाहीत तेव्हाच जुने परत केले. बूट मात्र लगेच जमले: तळव्याला पकड असलेले आणि बाजूला झेप घेताना पाय न मुरगळू देणारे. ते पायात रुळावेत म्हणून पहिल्या आठवड्यातच घेतले, कारण नवे कोरे बूट घालून दिवसभर खेळणे म्हणजे फोडांना आमंत्रण. नखे कापणे, कानातले काढून ठेवणे, मोज्यांचा जादा जोड आणि केसांचे रबर ही कामे आदल्या रात्री उरकली.

खरी तयारी मात्र सर्व्हिसची होती, आणि त्यात माझाही वाटा होता. पंचांची शिट्टी झाल्यावर सर्व्हिस करायला आठ सेकंद मिळतात. मुलगी शिट्टी वाजताच, जणू कोणी मागे लागल्यासारखी, चेंडू मारून मोकळी होत असे. मी अंगणात घड्याळ घेऊन बसायचे, तोंडाने शिट्टी वाजवायचे आणि ती चेंडू दोनदा जमिनीवर आपटून, एक श्वास सोडून, मग मारायची. एवढे सगळे करूनही चार-पाच सेकंदच जात. उरलेला वेळ हातात आहे हे तिला पुन्हा पुन्हा दिसले, तसे तिचे खांदे सैल पडू लागले. एका संध्याकाळी तिने मला स्पष्ट सांगितले, “आई, माझी सर्व्हिस असेल तेव्हा तू माझे नाव घेऊ नकोस.” माझ्यासाठी त्या तीन आठवड्यांतली ही सर्वांत महत्त्वाची सूचना होती. सरावाच्या सामन्यांत मी गप्प राहण्याचा सराव केला. वाटते तितके ते सोपे नाही.

स्पर्धेच्या वेळापत्रकाबद्दल एक गोष्ट आधी कळली असती तर बरे झाले असते. सेट किती वेळ चालेल याचा नेम नसतो, त्यामुळे दिलेली वेळ ही अंदाजाची वेळ असते. आमचा दुसरा सामना दीड तास उशिरा सुरू झाला. पोटभर जेवण खेळाच्या सुमारे तीन तास आधी, मधल्या वेळेत थोडे थोडे हलके खाणे आणि पाण्याचे घोट, एवढे पथ्य पाळले होते म्हणून ती टिकली. मात्र बसून राहिल्याने अंग थंड पडते, तेव्हा प्रत्येक सामन्याआधी पुन्हा अंग मोकळे करून घ्यायला हवे. आमच्या मुलींचे ते एकदा राहून गेले आणि सुरुवातीचे पाच गुण गेले.

पहिल्या सामन्यात रोटेशनने, म्हणजे खेळाडूंच्या जागा फिरत फिरत, ती सर्व्हिसच्या जागी आली आणि तिची पहिलीच सर्व्हिस नेटमध्ये गेली. माझे हात मांडीवर एकमेकांत घट्ट गुंतलेले होते. मी तिचे नाव घेतले नाही. पुढच्या वेळी तिने चेंडू दोनदा आपटला, श्वास सोडला, आणि सर्व्हिस पलीकडे गेली. दुसऱ्या सेटमध्ये तिची एक सर्व्हिस नेटच्या वरच्या पट्टीला लागून पलीकडे अगदी जवळ पडली. ती क्षणभर जागीच थबकली, पण पंचांनी गुण आमच्याकडे दाखवला. आमचा संघ दोन्ही सामने हरला.

परतताना मी सामन्याबद्दल काहीही विचारायचे नाही असे ठरवले होते. बऱ्याच वेळाने तिनेच विचारले, “माझ्या किती सर्व्हिस पलीकडे गेल्या?” मी मोजल्या होत्या: सातपैकी पाच. तिच्या हिशेबात चारच होत्या, कारण नेटला लागलेली तिने धरली नव्हती. आजोबांनी तिला सांगितले होते की ती चूक असते. त्यांच्या काळात ती चूकच होती, आता नाही, असे मी तिला सांगितले. तिने बोटांवर पुन्हा मोजले आणि म्हणाली, “मग पाच.”