दुपारचा धूर, रात्रीचा खोकला

माझ्या वहीत २३ सप्टेंबरच्या रात्रीपुढं २६० असं लिहिलंय. पेन इतकं दाबलं गेलं की आकडा मागच्या पानावर उमटलाय. रात्रीचे अडीच वाजले होते. मी पलंगाच्या कडेला पाय सोडून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून बसले होते आणि छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज येत होता. बऱ्या दिवशी माझा आकडा ३८० असतो.

हा आकडा पीक फ्लो मीटरचा. वीतभर प्लॅस्टिकची नळी आणि तिच्यावर सरकणारा काटा. उभं राहायचं, छातीभर श्वास घ्यायचा, नळीभोवती ओठ घट्ट मिटायचे आणि एका झटक्यात फुंकायचं. असं तीनदा करून सगळ्यांत मोठा आकडा लिहायचा. आपल्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांच्या वर असलो तर ठीक. ५० ते ८०च्या मध्ये आलो तर सावध व्हायचं. ५०च्या खाली गेलं की वाट बघायची नाही, पंप (श्वासातून औषध ओढायचा इनहेलर) घ्यायचा आणि थेट दवाखाना गाठायचा. दमा किंवा ॲलर्जीचा खोकला असलेल्या प्रत्येक घरात ही नळी असावी असं मला मनापासून वाटतं.

माझी ॲलर्जी गाजर गवताची. अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावी बांधाबांधाला हे गवत. पाऊस सरला की पांढऱ्या फुलांनी नुसतं भरून जायचं आणि माझ्या शिंका सुरू व्हायच्या. आई म्हणायची, "कामून चालली वावरात? आता बघ, डोळे लाल करून येशील." डोळे लाल व्हायचे, नाक गळायचं, पण दम कधी लागला नाही. दम लागायला लागला तो संभाजीनगरला आल्यावर, जालना रोडनं रोज स्कूटीवर ऑफिसला जायला लागल्यापासून.

दोन वर्षं मी दही सोडलं, केळं सोडलं, फ्रिजचं पाणी सोडलं. ज्याला सांगावं तो म्हणायचा, थंड खाल्लं असेल. एका दवाखान्यात दर वेळी अँटिबायोटिक आणि खोकल्याची बाटली मिळायची. ती दोन वर्षं वाया गेली याचं मला आजही वाईट वाटतं. पुढं दुसऱ्या डॉक्टरबाईंनी ही नळी हातात दिली आणि म्हणाल्या, "सकाळ-संध्याकाळ फुंका. आकड्यापुढं दिवसभर कुठं होता तेही लिहा."

ऑगस्ट ते दिवाळी वही भरली. वाईट रात्री ज्या दिवसांच्या होत्या, त्या प्रत्येक दिवशी मी मुकुंदवाडी ते क्रांती चौक या रस्त्यावर कुठं ना कुठं अडकलेले होते. २३ तारखेला सिडको चौकाच्या अलीकडं उसाच्या गाडीसारख्या उंच भरलेल्या एका ट्रकच्या मागं पंधरा-वीस मिनिटं उभी होते, सायलेन्सर अगदी माझ्या तोंडासमोर. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले, गवत तिथंही फुललेलं होतं, शिंकाही आल्या, पण आकडा ३६०च्या खाली उतरला नाही.

एका बाईच्या वहीनं काही सिद्ध होत नाही. पण डॉक्टरबाईंना ती दाखवली तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. त्यांनी सांगितलं, स्वीडनच्या स्टॉकहोममध्ये सौम्य ॲलर्जिक दम्याच्या २० लोकांना अर्धा तास रस्त्याच्या बोगद्यात गाडीत बसवलं होतं, आणि चार तासांनी ॲलर्जीचे परागकण अगदी थोड्या प्रमाणात हुंगवले होते. ज्यांच्या वाट्याला बोगद्यात गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड वायू जास्त आला, त्यांच्या श्वासनलिका त्या थोड्याशा परागांनीही जास्त आवळल्या. म्हणजे धूर दुपारी छातीत जातो आणि त्याचा परिणाम नंतर भेटणाऱ्या परागांवर होतो. मधले तास आपण बरे असतो, म्हणून रस्त्याचा संशयच येत नाही. जेवणातलं दही मात्र आठवतं.

अमेरिकेत डिझेलच्या धुरातले कण आणि रॅगवीडचे पराग एकत्र नाकात सोडून पाहिले, तेव्हा त्या परागांविरुद्धची आयजीई प्रतिपिंडं, म्हणजे शरीरात ॲलर्जी भडकवणारी प्रथिनं, नुसत्या परागांपेक्षा कितीतरी जास्त वाढली. रॅगवीड म्हणजे आपल्या गाजर गवताच्याच कुळातलं, आणि दोघांच्या परागांची ॲलर्जी एकमेकांशी जुळते. हे ऐकलं तेव्हा मला माझं गाव आणि माझा जालना रोड एका ओळीत दिसले. धुरानं श्वासनलिकेचं आतलं अस्तर सुजतं, पेशींमधल्या फटी सैल होतात, परागांतली प्रथिनं खोल जातात. पहिली प्रतिक्रिया काही मिनिटांत येते, दुसरी चार ते आठ तासांनी, सूज घेऊन. श्वासनलिका रात्री तशाही थोड्या अरुंद होतात. अडीच वाजताचं कोडं तिथं सुटलं.

देशाचा स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ला सुरू झाला, त्यात आपलं शहर आहे, जालना आहे, लातूरही आहे. सूक्ष्म कणांची, म्हणजे पीएम २.५ची, चोवीस तासांची मर्यादा आपल्याकडं घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम आणि जागतिक आरोग्य संघटनेची १५. ॲलर्जीवाल्या माणसानं यातला कोणता आकडा धरायचा हे मला कुणी विचारलं तर मी १५ म्हणेन.

आता मी सिडकोच्या आतल्या रस्त्यांनी जाते. दहा मिनिटं जास्त लागतात. सिग्नलला ट्रकच्या मागं थांबायचं नाही, बाजूला किंवा पुढं. ओढणी बांधून काही होत नाही, बारीक कण तिच्यातून सहज जातात. एन-९५ कण अडवतो, वायू नाही. रोजचा पंप मात्र बरं वाटलं तरी सोडत नाही. पंपाची सवय लागते ही भीती कृपा करून मनातून काढा, सूज ठेवून जगण्याची सवय जास्त वाईट. आमच्या लेआउटमधलं गाजर गवत आम्ही शेजाऱ्यांनी मिळून हातमोजे घालून, फुलं यायच्या आत उपटलं.

शेजारच्या चौथीतल्या पोराला रात्री खोकला यायचा आणि त्याची आई कुल्फीला दोष द्यायची. मी त्यांच्या घरी नळी आणि एक कोरी वही नेली. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनीही लिहायलाच सांगितलं. मी तारीख, सकाळ, संध्याकाळ असे तीन रकाने आखून दिले होते. आठवड्यानं वही बघितली तर पोरानं पट्टी धरून चौथा रकाना स्वतः आखला होता. वर लिहिलं होतं, "रिक्षात कुठं बसलो". सहापैकी चार दिवस पुढं एकच शब्द होता, "डिकीत". शाळेच्या रिक्षात मागच्या बाजूला, तोंड मागच्या गाड्यांकडं करून पोरं बसतात ना, तिथं. त्याच्या आईनं वही हातात घेतली, दोनदा वाचली आणि रिक्षावाल्या काकांना फोन लावला, "भाऊ, उद्यापासून माझ्या लेकराला पुढं आतल्या सीटवर बसवा."