वांद्र्याच्या कार्टर रोडच्या खडपावर (खडकाळ किनाऱ्यावर) मुलांना नेणार असाल तर आधी तिथी बघा

ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकांतले जीव दाखवायला सहल काढायची आणि "सकाळी नऊला या, आरामात" असं म्हणायचं, अशा आयोजकाच्या नादी लागू नका. आमच्याकडून माणशी आठशे घेतले, मुलांचेही पूर्ण, आणि दिवस काढला द्वितीयेचा.

किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. द्वितीयेला दीड वाजता, म्हणजे ओहोटी त्याआधी सव्वासहा तास, सव्वासातच्या सुमारास. आम्ही उतरलो तेव्हा पाणी पावणेदोन तास चढत होतं. त्यातून अमावास्या-पौर्णिमेजवळचे उधाणाचे दिवस, मुंबईत पाणी चार मीटरच्या वर चढतं, आणि त्यातलं निम्मं भरतीच्या मधल्या दोन तासांत. तेच दोन तास आम्हाला विकले होते! नऊच हवे होते तर पंचमी धरायची. खडक थोडे कमी उघडे पडतात, पण ओहोटी साडेनवाला येते.

धोका समोर नाही, पाठीमागे आहे. पुढचे खडक उंच, त्यांच्या आणि रस्त्याच्या मध्ये घळ. लाटा लांब दिसतात म्हणून माणूस निर्धास्त राहतो, तोवर पाणी बाजूने घळीत शिरलेलं असतं. परतताना गुडघ्याच्या वर पाणी, खाली शेवाळ. धाकटी खांद्यावर, बाबांच्या सँडलमधून अंगठा बाहेर, तो कालवाच्या शिंपल्याच्या धारेवर चिरला. आयोजक म्हणतो, "थोडं भिजण्यातच मजा आहे." घरी येऊन जखम धुतली आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं.

तर, पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी उतरा, पाण्यामागून पुढे जा, आणि पाणी वळलं की तुम्हीही वळा. बोटं झाकणारे, पकड असलेले जुने बूट घाला. क्रॉक्स अजिबात नकोत. काळ्या खडकापेक्षा हिरवा वाईट. शंकूच्या आकाराचा शंख उचलू नका, आतला जीव विषारी डंख मारू शकतो. दगड उलटलात तर होता तसा ठेवा. पावसाळ्यात जाऊच नका.

आणि तरीही जा! पेराएवढ्या शंखातला खेकडा थोरलीच्या सावलीने आत गेला, मोठी नांगी दारासारखी लावून घेतली. थोरली हलली नाही. मग आधी दोन मिशा, मग डोळे, आणि निघाला की चालायला. शेजारच्या डबक्यात सागरफूल (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) होतं, पाणी ढवळलं की मिटायचं. एरवी पाच मिनिटं एका जागी न बसणारी पोरं उकिडवी बसून होती.

हे बघायला आठशे रुपये लागत नाहीत. 2017 पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी ओहोटी बघून किनारा-फेऱ्या काढतात, त्यांच्याबरोबर जा. आम्ही पैसे परत मागितले तर पुढच्या सहलीत दहा टक्के सूट देऊ केली. नको म्हटलं.