मिल-डॉट रेटिकल: १० ते ५० मीटरच्या नोंदी

गेल्या खेपेला रायफल २५ मीटरवर झिरो करून, म्हणजे त्या अंतरावर छर्रा बरोबर फुलीवर लागेल असा स्कोप जुळवून, थांबलो होतो. या रविवारी सासवडच्या पुढे मामांच्या शेतावर फक्त रेटिकलची, म्हणजे स्कोपमधून दिसणाऱ्या फुली आणि ठिपक्यांच्या जाळीची, परीक्षा घेतली. रायफल तीच, .१७७ स्प्रिंगर, म्हणजे स्प्रिंगने दाबलेल्या हवेवर चालणारी एअर रायफल. छर्रा ८.४४ ग्रेन वजनाचा, गोल डोक्याचा. क्रोनोवर, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, सरासरी १८० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ९ ज्यूलच्या जरा आत. स्कोप ३-९×४० (झूम ३ ते ९ पट, पुढची काच ४० मिलिमीटर), पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला की फुली निशाणावरून सरकल्यासारखी दिसणं, १०० यार्डांसाठी जुळवून कायमचा बांधलेला. टार्गेटच्या मागे मुरमाचा पुरुषभर उंचीचा ढीग. सकाळी सातला सुरुवात केली, कारण नऊनंतर तिथे वारा उठतो.

आधी एकही छर्रा न उडवता मोजमाप केलं. मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग, १० मीटरवर १ सेंटिमीटर आणि ५० वर ५. शिंप्याची टेप पुठ्ठ्यावर उभी चिकटवली आणि पुठ्ठा स्कोपपासून बरोबर २५ मीटरवर लावला. अंतर टेबलाच्या कडेपासून मोजू नका, तिथेच अर्धा मीटर हातचा जातो. झूम ९ वर ठेवून मधल्या फुलीपासून चौथ्या ठिपक्यापर्यंत १० सेंटिमीटर भरायला हवे होते. भरले साडेदहा. तीनदा पाहिलं, तेवढेच. म्हणजे माझ्या स्कोपवरचा ‘९’ खरा साडेआठच्या आसपास असणार, आणि माझा एक ठिपका १.०५ मिलचा.

झूम ६ वर आणला तर तेच चार ठिपके पावणेसोळा सेंटिमीटर झाकायला लागले. या स्कोपची जाळी दुसऱ्या फोकल प्लेनमध्ये, म्हणजे झूमच्या भिंगांच्या मागे डोळ्याच्या बाजूला, आहे. झूम फिरवला की चित्र लहानमोठं होतं, जाळी आहे तेवढीच राहते. हे वाचून माहीत होतं, पण टेपवरचे आकडे ठिपक्यांखालून सरकताना पाहिले तेव्हा खरं पटलं.

मग प्रत्येक अंतरावर पाच-पाच छर्रे, नेम कायम मधल्या फुलीनेच. पुठ्ठा बदलायला मामा पुढे निघाले की आधी विचारत, “उघडलीस का रे?” मी रायफलची बॅरल खाली मोडून, म्हणजे ती उडू शकणार नाही अशी उघडून, दाखवायचो आणि म्हणायचो, “हो मामा, उघडीच आहे, जा तुम्ही.” हा शिरस्ता एकदाही मोडला नाही.

१० मीटरवर छर्रे थेट फुलीवर. चित्र धूसर दिसतं आणि डोळा जरा हलला की फुलीही हलते, म्हणून गाल दर वेळी त्याच जागी टेकवावा लागला. १५ आणि २० वर साधारण १ सेंटिमीटर वर. २५ वर पुन्हा फुलीवर, पाचही छर्रे दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकले जातील असे. छर्रा नजरेची रेघ दोनदा ओलांडतो, हे इतकं नेमकं जुळलेलं पाहून फार समाधान वाटलं. ३० वर २ सेंटिमीटर खाली, म्हणजे पाऊण ठिपक्यालाही कमी. ४० वर १० ला थोडे कमी, म्हणजे दोन ठिपके आणि वर एक तृतीयांश.

५० वर २३ सेंटिमीटर, सुमारे ४.४ ठिपके. इथे चौथा ठिपका संपतो आणि खालचा जाड दांडा यायचा असतो, मधल्या मोकळ्या जागेत नेम धरावा लागतो. ग्रुपही, म्हणजे पाच छर्ऱ्यांचा पसारा, ९ सेंटिमीटरपर्यंत फाकला. ४० ते ५० मध्ये छर्रा १३ सेंटिमीटर उतरतो, त्यामुळे पावलांनी अंतर मोजलं आणि दोन मीटर चुकलं तर ३ सेंटिमीटर गेलेच. टेपच हवी. स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटरवरच कांस्य घेतलं, तेही दुर्बिणीशिवाय, पीप साईटने, म्हणजे बारीक भोकातून नेम धरून. त्या अंतराकडे मी आता वेगळ्या आदराने पाहतो.

शेवटी मुद्दाम झूम ६ वर ठेवून ९ च्या झूमचाच होल्ड, म्हणजे फुलीऐवजी ज्या ठिपक्याने नेम धरायचा तो, ४० मीटरवर धरला. पाचही छर्रे ५ सेंटिमीटर वर बसले.

झूमच्या कड्यावर ९ पाशी पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली आहे. या आकड्यांचा तक्ता स्टॉकवर (रायफलच्या दस्त्यावर) चिकटवला, त्यावर सगळ्यात वर लिहिलं: ‘फक्त ९ वर’. पुढच्या खेपेला हेच ३५ आणि ४५ मीटरवर, दुपारच्या वाऱ्यात.