मोटरहोमचा संडास: निळं, हिरवं की काहीच नको?

इथे जर्मनीत जुनी मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेतली तेव्हा सल्ले भरपूर मिळाले. गादी कुठली घ्या, सोलर पॅनल किती वॉटचं, टायर किती जुने चालतील. संडासाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. आपल्या लोकांत तो विषय चारचौघांत काढायचा नसतो, आणि जर्मन सहकाऱ्यांना वाटलं असावं, यात सांगण्यासारखं काय आहे! प्रत्यक्षात त्या गाडीत मी सगळ्यात जास्त डोकं लढवलं ते याच एका टाकीवर.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कमोडच्या तळाला एक सरकतं झाकण असतं आणि त्याखाली साधारण सतरा-अठरा लिटरची प्लॅस्टिकची टाकी. हिला कॅसेट म्हणतात. गाडीला बाहेरून एक छोटं दार असतं, ते उघडून कॅसेट ओढून काढायची आणि कॅम्पिंगच्या जागेवर खास त्यासाठी केलेल्या हौदात नेऊन ओतायची. दोन मोठी माणसं आणि एक मूल असलं की ती दोन-तीन दिवसांत भरते. आमच्याकडे हे काम पाळीने होतं. माझं माहेर कणकवलीच्या बाजूचं. तिथल्या गोपुरी आश्रमाच्या अप्पासाहेब पटवर्धनांनी संडास आणि मैल्याचं खत यांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात आपल्याला सफाईचं काम करू द्यावं म्हणून त्यांनी उपोषणही केलं होतं. आजोबा ते नाव फार आदराने घ्यायचे. त्यामुळे स्वतःचा मैला स्वतः ओतताना नाक मुरडायची निदान मला तरी सोय नव्हती.

प्रश्न ओतण्याचा नव्हताच, टाकीत काय घालायचं याचा होता. आधीच्या मालकाने गाडीबरोबर गडद निळ्या औषधाची अर्धी बाटली दिली होती. ते वास येऊ देत नाही, हे खरं. पण ते कसं, तर टाकीतले जिवाणूच मारून टाकतं. पूर्वी असल्या औषधांत फॉर्माल्डिहाइड असायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलं. पुढे अनेक बाटल्यांतून ते गेलं आणि त्या जागी ग्लुटाराल्डिहाइड, ब्रोनोपोल किंवा क्वाटर्नरी अमोनियमची संयुगं आली. नावं बदलली तरी काम तेच, मारायचं.

यात बिघडतं काय, हे मला दक्षिण जर्मनीतल्या आल्गॉय भागातल्या एका छोट्या कॅम्पिंगच्या जागेवर कळलं. गावाच्या गटारापासून लांब, कुरणाच्या कडेला ती जागा. सांडपाण्यासाठी त्यांचं स्वतःचं लहानसं प्रक्रिया केंद्र. मालक आजोबांनी आल्या आल्या विचारलं, "निळं आहे का तुमच्याकडे? असेल तर इथे ओतू नका." मी कारण विचारल्यावर त्यांनी आम्हाला थेट त्या केंद्राच्या टाकीच्या झाकणापर्यंतच नेलं. घाण पाणी शुद्ध करतात ते आतले जिवाणू. घरच्या संडासात दर वेळी सहा-नऊ लिटर पाणी सुटतं, त्यामुळे कुणी काही ओतलं तरी ते पातळ होऊन येतं. कॅसेटमधला माल मात्र घट्ट असतो, आणि औषधही त्यात पुरेपूर. उन्हाळ्यातल्या रविवारी सकाळी सगळ्या गाड्या निघताना एकामागून एक कॅसेट रिकाम्या करतात, म्हणजे त्या बिचाऱ्या जिवाणूंवर एकदमच हल्ला. मोठ्या शहराच्या केंद्रात हे पचून जातं, असल्या लहान टाकीत नाही.

रात्री आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगो, यात नवीन ता काय? आपल्या सेप्टिक टँकात मी कधी कुणाक फिनेल ओतूक दिलंय? टाकी मरता त्येना." झालं. कॅम्पिंगवाल्या आजोबांनी अर्धा तास घालवून शिकवलेलं आईने एका वाक्यात उडवलं.

मला आणखी एक कारण होतं. आम्ही राहतो श्टुटगार्टला, आणि आमच्या शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा बोडनसे तलावातून येतो. तलावाचं पाणी झिपलिंगेनजवळ साठ मीटर खोलीवरून उचलून साधारण चाळीस लाख लोकांना पुरवलं जातं. आणि सुट्टीत आम्ही जातो कुठे, तर त्याच तलावाकाठी! आपण तिथे काय ओततो याकडे काणाडोळा करणं मला जमेना.

मग दुकानात गेले, आणि तिथे खरा गोंधळ. फळीवर अर्ध्या बाटल्या हिरव्या, सगळ्यांवर पानं, थेंब, आणि 'जैवविघटनशील' हा शब्द. या शब्दावर माझा आता अजिबात विश्वास नाही. डिटर्जंटमधली फेस करणारी द्रव्यं जैवविघटनशील असलीच पाहिजेत, हा युरोपातला 2004 चा नियमच आहे. म्हणजे कायद्याने करायलाच हवं ते हे लोक पुण्य म्हणून विकतात. शिवाय एखादं द्रव्य महिनाभरात विघटित होईल, पण त्याआधी टाकीतले जिवाणू मारून मोकळं होईल. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

खरी माहिती मिळते ती त्या औषधाच्या सुरक्षा-पत्रकात. कंपनीच्या संकेतस्थळावर ते फुकट असतं. सगळं वाचायची गरज नाही. तिसऱ्या भागात घातक घटकांची नावं असतात, बाराव्या भागात पाण्यातल्या जिवांवरचे परिणाम. बाटलीवर मेलेला मासा आणि वाळलेलं झाड यांचं चिन्ह नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. एच 412 हा शेरा म्हणजे 'जलचरांना हानिकारक, परिणाम दीर्घकाळ टिकणारे', आणि या शेऱ्याला कुठलंच चिन्ह लागत नाही. तो बारीक अक्षरांत शोधावा लागतो. मला अगदी हिरव्यागार, पानाफुलांच्या एका बाटलीवर तो सापडला. जर्मनीत 'निळा देवदूत' हे 1978 पासूनचं सरकारी पर्यावरण-चिन्ह आहे आणि कॅम्पिंगच्या संडासातल्या औषधांनाही ते मिळतं. पत्रकं वाचायचा कंटाळा असेल त्यांनी सरळ ते चिन्ह पाहावं.

पहिल्यांदा मैला कुजवणाऱ्या, जिवाणू आणि एन्झाइमवाल्या पुड्या आणल्या. थंड दिवसांत त्या ठीक चालल्या, संडासाचा कागदही बऱ्यापैकी विरघळला. पण विचार केला तर त्यांची अडचण उघड आहे. जिवाणूंना वाढायला वेळ लागतो आणि आपण तर दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी करतो. त्यावर उपाय एवढाच की टाकी जंतुनाशकाने घासून लख्ख करायची नाही. साध्या पाण्याने विसळायची आणि जुनी वस्ती थोडी राहू द्यायची. हे ऐकून माझ्या नवऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

इटलीत गार्डा तलावाला गेलो तेव्हा मात्र या पुड्यांनी हात टेकले. गाडी दिवसभर उन्हात, टाकी तापलेली, आणि संध्याकाळी दार उघडलं की डोळ्यांना झोंबणारा अमोनिया आणि त्यावर सडक्या अंड्याचा दर्प. तिथे कामी आलं ते नायट्रेटवालं औषध. याची गंमत अशी, की टाकीतला प्राणवायू संपला की जिवाणू सल्फेटकडे वळतात आणि त्यातून तो अंड्याचा वायू तयार होतो. समोर नायट्रेट असेल तर ते आधी त्यावर तुटून पडतात. पंगतीत पुरणपोळी आली की भाकरीला कोण हात लावतो! कुणालाच न मारता वास थांबतो. गटारांच्या लांब वाहिन्यांतही दुर्गंधी रोखायला कॅल्शियम नायट्रेट सोडतात, ते याच कारणाने. अमोनियावर मात्र याचा फारसा उपयोग नाही. त्याला इलाज एकच, सावलीत गाडी लावा आणि टाकी रोज रिकामी करा.

घरगुती उपायांबद्दल दोन शब्द. व्हिनेगर आणि ब्लीच अजिबात नको, टाकीच्या झाकणाची रबरी सील खराब होतात. सील कोरडं पडलं तर चित्रविचित्र तेलं किंवा व्हॅसलिन लावू नका. त्यासाठीचा स्प्रे मिळतो, नाहीतर थोडं ऑलिव्ह तेल चालतं. टाकीत जमणारा पिवळट थर मात्र लिंबूसत्वाच्या कोमट पाण्याने छान निघतो, तेही हंगामातून एखाद-दोन वेळा. कागदासाठी महागडे खास रोल घेण्याआधी घरचा कागद बरणीभर पाण्यात टाकून हलवून पाहा. आमचा साधा, पुनर्वापराचा दोन पदरी कागद मिनिटभरात विरघळला, तोच वापरतो.

ती निळी बाटली बेसिनमध्ये ओतायची नव्हतीच. शहराची घातक कचरा गोळा करणारी गाडी ठरलेल्या दिवशी येते, तिच्याकडे दिली.

सध्या मात्र आम्ही बहुतेक वेळा टाकीत पाण्याशिवाय काहीच घालत नाही. टाकीला एक छोटा विजेचा पंखा जोडून घेतला आहे. सरकतं झाकण उघडलं की तो आपोआप सुरू होतो आणि टाकीतली हवा बाहेर खेचतो, म्हणजे वास खोलीत येतच नाही. शिवाय आत ताजी हवा जात राहिल्याने सगळं लवकर सुटं होतं. औषधाचा खर्च वाचतो हे आहेच, आणि कुठल्याही लहान गावाच्या केंद्रात ओतताना मनाला टोचणी नाही. रिकामी करताना वास येतो, ते खोटं सांगणार नाही. संडासाला संडासाचा वास यायचाच. नायट्रेटची बाटली फक्त दक्षिणेकडच्या उन्हाळ्यासाठी कपाटात असते.

पंखा बसवणार असाल तर एक गोष्ट आधी ठरवा. हवा बाहेर सोडायचा रस्ता कॅसेटच्या दारातून काढता येतो, गाडीच्या तळातून किंवा छपरातून. दारातला सगळ्यात सोपा आणि स्वस्त, कोळशाच्या गाळणीसकट येतो, पण गाळणी वर्षाकाठी बदलावी लागते. आणि ती जुनी झाली की हवा नेमकी शेजारच्या गाडीच्या छत्रीखाली जाते, जिथे माणसं नाश्त्याला बसलेली असतात. छपरातल्यासाठी छताला भोक पाडावं लागतं, ते नीट बंद करणारा कारागीर मिळाला तरच पाडा. आम्हाला मिळाला, म्हणून आम्ही छपरातूनच काढला.