शिकारी गोळीचा बीसी आणि आडवा वारा

रायफलच्या गोळ्यांची तुलना म्हटली की सगळ्यांची नजर आधी डब्यावरच्या बीसीवर जाते, म्हणजे बॅलिस्टिक कोएफिशंट, हवा कापत जाताना गोळी आपला वेग किती टिकवते त्याचा आकडा, तो मोठा दिसला की ही गोळी भारी, विषय संपला. पण तो आकडा कुठल्या मापाने काढलाय ते आधी बघा ना! जी१ हे माप १९व्या शतकातल्या सपाट बुडाच्या, आखूड नाकाच्या गोळ्यावर बेतलेलं आहे, जी७ मात्र लांब टोकाच्या आणि मागे निमुळत्या होत जाणाऱ्या बोट टेल गोळीवर. हॉर्नडी कंपनीची ६.५ मिमी १४३ ग्रेन (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) ईएलडी-एक्स गोळी घ्या, जी१ ०.६२५ आणि जी७ ०.३१५, गोळी तीच. त्यामुळे एकीचा जी१ आणि दुसरीचा जी७ शेजारी ठेवून वाद घालण्यात काही अर्थच नाही. त्यात जी१ चा आकडा वेग कमी होईल तसा बदलतो, सिएरा कंपनीवाले वेगवेगळ्या वेगांसाठी वेगळे आकडे छापतात, मला ही पद्धत सगळ्यात प्रामाणिक वाटते.

आकाराने किती फरक पडतो बघा. .३०८ इंच व्यासाची १८० ग्रेनची गोळी, वजन तेच, व्यास तोच, नाक गोल असेल तर जी१ बीसी साधारण ०.२४ आणि टोकदार बोट टेल असेल तर ०.५ च्या आसपास. सरळ दुप्पट!

आता हा दुप्पट बीसी नक्की कुठे कामाला येतो? बहुतेक लोक गोळी किती खाली येते त्याचा हिशोब करत बसतात, पण अंतर रेंजफाइंडरने कळतं, स्कोपवर, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीवर, तेवढे क्लिक फिरवले की झालं. वारा मात्र अंदाजानेच घ्यावा लागतो, आणि वाऱ्याचं गणित फार सुंदर आहे, हवा नसती तर गोळी जेवढ्या वेळात पोचली असती त्यापेक्षा जेवढा उशीर झाला, त्या उशिराला आडव्या वाऱ्याच्या वेगाने गुणायचं, बस. वरच्या दोन्ही गोळ्या ८२० मीटर प्रति सेकंदाने सुटल्या तर ३०० मीटरवर टोकदार गोळीला साधारण ०.०५ सेकंद उशीर होतो, गोल नाकाच्या गोळीला ०.१०. वारा ४ मीटर प्रति सेकंद धरा, एक २० सेंटिमीटर सरकते, दुसरी ४०. म्हणजे वाऱ्याचा अंदाज निम्म्याने चुकला तरी पहिलीत चूक १० सेंटिमीटरची, दुसरीत २० ची, आणि २० सेंटिमीटरमध्ये जनावर जागीच पडण्याऐवजी जखमी होऊन पळू शकतं. मला बीसी महत्त्वाचा वाटतो तो एवढ्यासाठीच.

१०० मीटरवर मात्र यातलं फारसं काही जाणवत नाही. दाट झाडीत जवळून मारणाऱ्याने बीसीसाठी जास्तीचे पैसे घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, त्याने आपल्या रायफलमधून कुठली गोळी घट्ट ग्रुप देते, म्हणजे लागोपाठच्या गोळ्या जवळजवळ लागतात, ते बघावं.

लांबून मारणाऱ्याने अजून एक बघायचं, पोचतानाचा वेग. ३०० मीटरवर टोकदार गोळी ६३० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास असते, गोल नाकाची ५०० च्या. उघड्या मऊ शिशाचं नाक एवढ्या वेगातही फुलतं, म्हणजे जनावरात शिरल्यावर पसरतं, पण पूर्ण तांब्याच्या गोळ्यांना सहसा जास्त वेग लागतो, नाहीतर त्या न फुलताच आरपार जातात, म्हणून बीसी बघताना कंपनीने दिलेला फुलण्याचा किमान वेगही बघा आणि आपल्या रायफलचा वेग क्रोनोग्राफवर मोजून किती मीटरपर्यंत तो टिकतो ते काढा, त्याच्या पुढे ट्रिगर दाबू नका.